व्हॉट्सॲपवरची नोटीस

कोथरूडच्या फ्लॅटमधून आम्हाला काढायला मालकांना एक मेसेज पुरला होता. 'मुलाचं लग्न ठरलंय, महिनाअखेर खाली करून द्या.' अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्समधले चार अजून शिल्लक होते. करारात नोटिशीबद्दल काय लिहिलंय ते बघावं हेही सुचलं नाही. टेम्पो बोलावला आणि निघालो.

म्हणून मार्चमध्ये इथे श्टुटगार्टला घरमालकाचा तसाच मेसेज आला, तेव्हा मी सवयीनं खोकी जमवायला लागलो. ऑफिसातला मित्र म्हणाला, "याला नोटीस म्हणतच नाहीत." जर्मनीत घर खाली करायची नोटीस कागदावर, सहीनिशी आणि कारणासकट द्यावी लागते.

कागद आला दहा तारखेला. कारण 'आयगनबेडार्फ', म्हणजे घर स्वतःच्या माणसांसाठी हवंय, इथे मुलीसाठी. कायद्याला हे कारण चालतं. पण मुदत? राहून पाच वर्षं झाली नसतील तर तीन महिने, झाली असतील तर सहा, आठ झाली की नऊ. आमची सहा झालेली. त्यात नोटीस महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत हातात पडली नाही, तर तो महिना मोजत नाहीत. म्हणजे आम्ही ऑगस्टऐवजी थेट सप्टेंबरअखेर! शिवाय म्हातारपण, आजारपण, गरोदरपण किंवा दुसरं परवडणारं घर न मिळणं, अशा कारणांवर मुदत संपायच्या किमान दोन महिने आधी लेखी हरकत घेता येते. एवढं होऊनही भाडेकरू हलला नाही तर मालकाला कोर्टात जावं लागतं. परस्पर कुलूप बदलणं बेकायदा.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अरे, पण घर त्यांचं आहे ना?" तिचंही बरोबर. मामाच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात भाडेकरूंची तिसरी पिढी नांदतेय, भाडं लाइटबिलापेक्षा कमी. आपला १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा त्यांच्या पाठीशी आहे. आणि तोच कायदा लिव्ह अँड लायसन्सवाला मुदतीनंतर राहिला तर दुप्पट पैसे भरायला लावतो. एकाच कायद्यात जावई आणि पाहुणा दोघंही!

सध्या दर शनिवारी घरं बघतोय. काल दोन खोल्यांसाठी जिन्यात वीसेक जण उभे, प्रत्येकाच्या हातात पगारपत्रकांची फाइल. मालकीणबाई एकेकाला निरखून बघत होत्या, स्थळ बघावं तसं. एकदा आत घेतलेला माणूस सहजी निघत नाही, हे त्यांनाही ठाऊक.