पिन ‘बिझी’ आहे म्हणे: माझा अनुभव

रास्पबेरी पाय या छोट्या, एका बोर्डावरच्या कॉम्प्युटरला एलईडी जोडणं आणि तो प्रोग्राममधून चालू-बंद करणं निमूट पार पडलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते जीपीआयओ 4 वर (जीपीआयओ म्हणजे बोर्डावरच्या, प्रोग्राममधून वाचता-चालवता येणाऱ्या पिना) लावलेल्या साध्या पुश बटणाबद्दल, कारण तो वैताग अजून डोक्यातून गेलेला नाही.

प्रोग्राम चालवला की एकच एरर: ‘जीपीआयओ बिझी’. पिन कोणी अडवलीय, कशासाठी, अवाक्षर नाही. मागे दुसरा एखादा प्रोग्राम चालू राहिला असेल म्हणून प्रोसेसची यादी पाहिली, काही सापडलं नाही. रीबूट केलं, लायब्ररी काढून पुन्हा टाकली, तरी तेच. ज्याला विचारावं तो म्हणे जम्पर वायर बदल, ब्रेडबोर्ड बदल. अहो, वायर सैल असेल तर रीडिंग चुकेल, पिन बिझी कशी होईल? ‘बिझी’ म्हणजे ती पिन आधीच दुसऱ्या कोणीतरी ताब्यात घेतलीय आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ती आपल्याला देत नाहीये. हा फरक कोणी आधी सांगितला असता तर सुट्टी वाया गेली नसती.

शेवटी टर्मिनलवर ‘जीपीआयओइन्फो’ चालवलं. कुठली लाइन, म्हणजे पिन, कोणाच्या ताब्यात आहे ते ही कमांड दाखवते. 4 नंबरच्या ओळीत नाव होतं ‘वनवायर’, आणि सगळा उलगडा झाला. मेमरी कार्ड मला तयार करून मिळालं होतं, त्यावर पूर्वी तापमानाचा डीएस18बी20 सेन्सर चालायचा. वन-वायर (असे सेन्सर एकाच डेटा वायरवर वाचायची पद्धत) सुरू केलं की वेगळं काही सांगितलं नसेल तर ते जीपीआयओ 4 घेतं. सेन्सर काढला तरी कॉन्फिग फाइलमधली ओळ तशीच राहते आणि दर बूटला ड्रायव्हर पिन धरून बसतो. कार्ड देताना हे एक वाक्य सांगायला काय हरकत होती? रास्पी-कॉन्फिग या सेटिंग्जच्या प्रोग्राममध्ये इंटरफेस ऑप्शन्समध्ये जाऊन वन-वायर बंद केलं, रीबूट केलं आणि बटण पहिल्या झटक्यात चाललं. इतकं हायसं वाटलं!

हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: जीपीआयओ 4 म्हणजे हेडरवरची (बोर्डावरच्या पिनांच्या रांगांमधली) चौथी पिन नव्हे. ती सातवी. चौथ्या पिनवर थेट 5 व्होल्ट असतात आणि जीपीआयओ 3.3 व्होल्टच्या वर झेपत नाही. वायर जोडण्यापूर्वी ‘पिनआउट’ कमांड चालवा, अख्खा नकाशा समोर येतो.

बटण न दाबताच 0-1 नाचत असेल तर पिन तरंगतेय, म्हणजे तिला ठरलेलं व्होल्टेज मिळत नाहीये. प्रोग्राममध्ये पुल-अप (पिन एरवी 1 वर ठेवणारा रेझिस्टर) चालू करा, बटणाचं दुसरं टोक ग्राउंडला जोडा. मग दाबल्यावर 0 दिसेल. तो बरोबर आहे, घाबरू नका.

आउटपुटबद्दल शंका असेल तर पिनवरचं सगळं काढा, पिन हाय (1) करा आणि मल्टीमीटरने ग्राउंडशी मोजा. 3.3 व्होल्टच्या आसपास दिसलं तर पिन ठीक आहे, दोष पुढच्या सर्किटमध्ये शोधा.

आणि पिन निवडायला मोकळीक असेल तर 17, 22 किंवा 27 घ्या. 2 आणि 3 वर आयस्क्वेअरसीसाठी (दोन वायरवर सेन्सर वगैरे जोडायची पद्धत) बोर्डावरच 1.8 किलोओहमचे पुल-अप बसवलेले आहेत, ते प्रोग्राममधून बंद होत नाहीत.