दारावरचा आकडा टायरात उतरवताना

टायरात हवा भरायला पंक्चरवाल्यापुढे गाडी उभी केली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "साहेब, किती टाकू? पस्तीस-पस्तीस?" गाडीत माणसं किती बसणार, टायर थंड आहे की आत्ताच पळून आलाय, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. खरं उत्तर गाडीवरच चिकटवलेलं असतं. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत, एक स्टिकर असतो. माझ्या हॅचबॅकवर तीन माणसांपर्यंत पुढे ३३ आणि मागे ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आहे. पाच माणसं आणि डिकीभर सामान असेल तर पुढे ३३, मागे ३६. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, तेच धरा. स्टिकरवर आकडा बार या मापात असेल तर साडेचौदाने गुणा: २.३ बार म्हणजे साधारण ३३ पीएसआय.

टायरच्या अंगावर ४४ किंवा ५१ असा आकडा उठवलेला असतो. ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे. तोच टायर वेगवेगळ्या वजनाच्या गाड्यांना बसतो, त्यामुळे तुमच्या गाडीला किती हवा लागते हे टायर कंपनीला सांगताच येत नाही.

आकडा सापडला, आता तो टायरात उतरवायचा, आणि घोळ होतो तो इथेच. स्टिकरवरचं प्रेशर थंड टायरचं असतं. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर हळू चाललेली. पण हवा भरायचं मशीन पेट्रोल पंपावर, आणि पंप घरापासून पाच-सहा किलोमीटरवर. तिथे पोहोचेपर्यंत प्रेशर दोनेक पीएसआयने चढलेलं असतं. मशीनवर ३३ लावलं, बीप वाजला, की दुसऱ्या दिवशी सकाळी टायरात ३१ निघतात.

यावर मी वापरतो तो उपाय असा. सकाळी घरीच, गाडी हलवण्याआधी, चारही टायर आपल्या गेजने (हवेचा दाब मोजायच्या छोट्या उपकरणाने) मोजायचे आणि तूट लिहून ठेवायची. समजा पुढच्या डाव्यात २९ आहेत, हवेत ३३, तूट ४. पंपावर पोहोचल्यावर त्याच गेजने पुन्हा मोजायचं. तिथे ३१ दिसले तर ३५ पर्यंत भरायचं. तूट तेवढी भरायची, बाकी मशीन काय म्हणतं ते सोडून द्यायचं. गाडी सावलीत उभी असेल तेव्हाच मोजा; एका बाजूवर ऊन पडत असेल तर त्या बाजूचे टायर दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतात, आणि बघणारा उगाच दुसऱ्या बाजूला गळती शोधत बसतो.

गेज स्वतःचा हवा. पंक्चरच्या दुकानातला पाइपवरचा गेज दिवसभर जमिनीवर आपटत असतो. त्यात आणि माझ्या खिशातल्या डिजिटल गेजमध्ये तीन पीएसआयचा फरक आढळलाय. गेज व्हॉल्व्हवर सरळ आणि जोरात दाबायचा. फुस्स आवाज येत राहिला तर तिरका बसलाय. ते रीडिंग कमी येतं, शिवाय हवाही जाते. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर घेतलात तर पंपाची भानगडच मिटते. मात्र तो चालू असताना दिसणारा आकडा फुगीर असतो, म्हणून बंद करून मोजा. दोन टायर झाले की त्याला जरा विश्रांती द्या.

उन्हाळ्यात टायर फुटतात म्हणून हवा चार पीएसआय कमी ठेवा, हा सल्ला हमखास मिळतो. तो उलटा आणि धोकादायक आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि सुटते. या वाकण्यातूनच उष्णता तयार होते, रबर आणि आतल्या पट्ट्यांची पकड सैल होते आणि टायर फाटतो. समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर तासन्‌तास १२० चा वेग, पूर्ण भार आणि वर मे महिना, अशा वेळी स्टिकरवरचा पूर्ण भाराचा आकडा पाळायचा, तोही सकाळी निघण्यापूर्वी. तासाभराने चहाला थांबल्यावर मोजलं तर ३३ चे ३६-३७ झालेले दिसतात. ते अपेक्षितच आहे, हवा सोडू नका. सहा-सात पीएसआयने चढलं असेल तर मात्र निघताना हवा कमी होती किंवा सामान जास्त आहे.

तापमानाचा हिशेब सोपा आहे: दर दहा अंशांना साधारण दीड पीएसआय. पुण्यात एप्रिलच्या पहाटे २२ अंशांत भरलेली हवा डिसेंबरच्या १० अंशांत, काहीही न गळता, दोनेक पीएसआय कमी दिसते. त्यात महिन्याला एखादा पीएसआय रबरातून आपोआप झिरपतो. म्हणून पंधरा दिवसांनी एकदा गेज लावायचा. डॅशबोर्डवरचा कमी हवेचा दिवा लागेपर्यंत बरीच हवा गेलेली असते. नायट्रोजनला पैसे द्यावेत असं मला वाटत नाही. साध्या हवेत ७८ टक्के तोच आहे, आणि नायट्रोजन भरला तरी मोजणं टळत नाही.

एकच टायर सारखा उतरत असेल तर टोपी काढून व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाका. तोंडाशी बुडबुडे आले तर पिन बदलायची, काम किरकोळ. बुडाशी आले तर आख्खा व्हॉल्व्ह.

आकडा बरोबर चाललाय की नाही हे काही हजार किलोमीटरनंतर टायरची नक्षी सांगते. मधला पट्टा जास्त झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर कमी. एकच कड झिजली तर हवेला दोष देऊ नका, चाकांची अलाइनमेंट करून घ्या.

स्टेपनी बाकी चार चाकांच्या मापाची असेल तर स्टिकरवरच्या सर्वांत मोठ्या आकड्यापर्यंत, म्हणजे माझ्या गाडीत ३६, भरून ठेवा. रस्त्यात हवा सोडता येते, भरायला मशीन लागतं. बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यावरच आकडा छापलेला असतो, बहुधा ६०. पंपावरचा पोरगा तो बघून दचकतो; त्याला तो आकडा दाखवा आणि भरायला लावा.