डेट्रॉइटच्या जुन्या ४५

डेट्रॉइटपासून अर्ध्या तासावर राहायचं आणि मोटाउन या इथल्याच जुन्या रेकॉर्ड कंपनीची गाणी फोनवर ऐकायची, म्हणजे रत्नागिरीत राहून डब्यातला आमरस खायचा. पण इथं आमचं बहुतेकांचं तसंच चालतं. नोकरी गाड्यांच्या कंपनीत, घर उपनगरात, शनिवार-रविवारी मुलांचे क्लास नाहीतर मंडळाच्या नाटकाची तालीम. खुद्द शहरात जाणं होतं ते भारतातून पाहुणे आले की. असेच पाहुणे घेऊन मी वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या २६४८ क्रमांकाच्या घरात गेले. बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये घरच्यांच्या सामायिक फंडातून ८०० डॉलर उसने घेतले आणि मोटाउनचा संसार मांडला तो याच दुमजली घरात. १९७२ मध्ये कंपनी लॉस एंजेलिसला गेली, घराचं म्युझियम झालं. वादक तिथल्या स्टुडिओला 'स्नेकपिट' म्हणत, कारण छतावरून सगळीकडे वायरी लोंबायच्या.

पाहुण्यांचे फोटो काढून झाले. मला मात्र गाइडनं सांगितलेली एक गोष्ट सोडेना. गॉर्डी नवीन गाणं पसंत करण्याआधी ते गाडीच्या रेडिओसारख्या छोट्या स्पीकरवर वाजवून बघायचे, कारण गिऱ्हाईक ते गाडीतच ऐकणार होतं. मी गाड्यांची माणूस, त्यामुळे हे मला लगेच पटलं. म्हणजे ती गाणी ज्या रूपात लोकांच्या कानावर पडावीत म्हणून एवढी खटपट केली, ते रूप होतं सात इंची, मिनिटाला ४५ फेऱ्यांची मोनो तबकडी. पुढे आलेले स्टिरिओ अल्बम, सीडी, स्ट्रीमिंग हे सगळे नंतरचे अवतार. मला मूळ ऐकायचं होतं.

ऐकायला मिळेपर्यंत जे शिकावं लागलं, त्यासाठी हा लेख.

दुकानात चांगल्या प्रती मिळतात, पण दुकानदाराला त्यांची किंमत आपल्यापेक्षा चांगली माहीत असते. माझा माल आला तो 'इस्टेट सेल'मधून. घरातलं वडीलधारं माणूस गेलं किंवा वृद्धाश्रमात राहायला गेलं, की मुलं घरातल्या घरात सगळ्या सामानाची विक्री लावतात. कपबश्यांपासून लॉनमोअरपर्यंत सगळ्याला चिठ्ठ्या. रेकॉर्ड्स हमखास तळघरात, आणि मिशिगनमधलं तळघर म्हणजे ओल. खोका उघडला की आधी नाकानं काम करायचं. कुबट वास आला तर कव्हरं गेली समजा. तबकडी मात्र बहुतेक वेळा धुऊन निघते.

मग तबकडी खिडकीपाशी न्यायची आणि उजेडात तिरपी धरून बघायची. खाचा काळ्याभोर चमकल्या तर उत्तम. राखाडी पट्टा दिसला तर ती कुणाच्या तरी जड सुईनं खरवडलेली आहे, तिला कितीही धुवा, खरखर जात नाही. केसासारखे वरवरचे ओरखडे चालतात. नखाला लागणारा ओरखडा नको. विकणारे प्रतवारीची अक्षरं लिहितात, त्यांतलं 'गुड' वाचून कुणी भुलू नये. या धंद्यात 'गुड' म्हणजे जवळजवळ टाकाऊ. 'व्हेरी गुड प्लस'च्या खाली मी जात नाही, दुर्मीळ असेल तरच.

त्यानंतर बघायचं ते साहित्य. सगळ्या ४५ विनाइलच्या नसतात, हे मला इथं येईपर्यंत ठाऊक नव्हतं. काही कारखाने स्टायरीन वापरत. ते साच्यात झटपट ओतता यायचं, पण झिजतंही लवकर. स्टायरीनची तबकडी हाताला हलकी आणि ताठ लागते, टिचकी मारली तर प्लॅस्टिकच्या डब्यासारखी वाजते, आणि तिचं लेबल वरून चिकटवलेलं असतं. विनाइलचं लेबल तबकडीबरोबरच दाबलं जातं. तीच रेकॉर्ड दोन कारखान्यांतून दोन साहित्यांत निघालेली असू शकते, म्हणून फक्त नाव बघून पैसे द्यायचे नाहीत.

आणि मग माझा सगळ्यात आवडता भाग. गाणं संपतं तिथून लेबलपर्यंत एक कोरी पट्टी असते. तिच्यावर कारागिरांनी खरवडलेली किंवा ठोकलेली बारीक अक्षरं असतात, ती वाचायला भिंग लागतं. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याची खूण म्हणजे छोटा त्रिकोण आणि शेजारी आकडा. मोटाउनचा पुष्कळ माल ओवोसो नावाच्या मिशिगनमधल्याच छोट्या गावात निघायचा, अमेरिकन रेकॉर्ड प्रेसिंगच्या कारखान्यात. तो १९७२ मध्ये जळाला. नकली प्रत ओळखायची ती इथेच. लेबलाची नक्कल कुठल्याही छापखान्यात करता येते, पट्टीवरची खूण मात्र सहसा चुकते. नकली कशाला कुणी काढेल, असं वाटत असेल तर फ्रँक विल्सनची एक मोटाउन तबकडी बघा. १९६० च्या दशकात ती बाजारात आलीच नाही, जेमतेम काही प्रती उरल्या. उत्तर इंग्लंडमधल्या नाचाच्या क्लबांत अशा पडेल अमेरिकन सोल गाण्यांचं वेड पसरलं आणि तीच तबकडी २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना, २०२० मध्ये एक लाख पौंडांना विकली गेली. आमच्या तळघरांत तसलं काही सापडत नाही. माझ्या बहुतेक रेकॉर्ड्स एक-दोन डॉलरच्या आहेत.

या खरेदीनं मला शहराचा नकाशा शिकवला. ज्या क्रायस्लर फ्रीवेवरून मी शहरात जाते, त्याच्याखाली हेस्टिंग्ज स्ट्रीट आहे, म्हणजे होता. कृष्णवर्णीयांच्या दुकानांचा आणि क्लबांचा तो रस्ता रस्तेबांधणीसाठी पाडला. तिथं जो व्हॉन बॅटल यांचं रेकॉर्डचं दुकान होतं. दुकानात ते रेकॉर्डिंगही करत. रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन यांची प्रवचनं त्यांनी तबकड्यांवर आणली, आणि १९५६ मध्ये रेव्हरंडांच्या चर्चमध्ये त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलीचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. ती मुलगी अरीथा फ्रँकलिन. हेस्टिंग्ज पाडल्यावर दुकान बाराव्या रस्त्यावर गेलं आणि १९६७ च्या जुलैमधल्या जाळपोळीत संपलं, टेप्सही गेल्या. एका सेलमध्ये घरमालकीणबाईंनी मला या दुकानाबद्दल सांगितलं, शाळेतून येताना त्या तिथं थांबायच्या म्हणे. त्यानंतर खोक्याच्या किमतीत घासाघीस करायची माझी हिंमत झाली नाही.

घरी आणल्यावर धुणं. महागडी यंत्रं मिळतात, मी हातानं धुते. डिस्टिल्ड पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश खाचांच्या दिशेनं गोल फिरवायचा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात खळबळून कपड्यावर उभी वाळवायची. नळाचं पाणी नको, क्षार खाचांत बसतात. लेबल कोरडं ठेवायचं, स्टायरीनचं तर विशेष जपायचं, भिजलं की सुटून येतं. कुणी स्पिरिट सुचवेल, स्टायरीनला ते लावू नये.

सुईचं प्रकरण थोडं तांत्रिक आहे, पण फरक सगळा त्यात आहे. मोनो तबकडीत आवाज सुईच्या फक्त आडव्या हालचालीत असतो, आणि धुळीची, झिजेची खरखर बरीचशी उभ्या हालचालीतून येते. मोनो कार्ट्रिज, म्हणजे सुईची हालचाल टिपणारा भाग, उभी हालचाल मोजतच नाही, त्यामुळे अर्धा कचरा आपोआप गळतो. शिवाय मोनोची सुई जाड, टोकाची त्रिज्या साधारण २५ मायक्रॉन. स्टिरिओची गोल सुई १८ च्या आसपास. जाड सुई खाचेत जरा वर बसते, आधीच्या सुयांनी न झिजवलेल्या भागावर. हे कार्ट्रिज लावलं आणि मोटाउनच्या जेम्स जेमरसनचा बेस गिटार पहिल्यांदा खऱ्या अर्थानं पोटात ऐकू आला. हा माणूस उजव्या हाताच्या एकाच बोटानं वाजवायचा आणि तारा बदलायचा नाही. त्याच्यासारख्या वादकांची नावं मोटाउननं नीट छापायला सुरुवात केली ती १९७१ मध्ये, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' अल्बमपासून. तोवरच्या गाण्यांत त्याची सही म्हणजे त्याचा बेस.

अजून एक कटकट मधल्या भोकाची. ते ३८ मिलिमीटरचं असतं, अडॅप्टर लागतो, आणि भोक केसभर सरकलेलं असेल तर लांबवलेला सूर डुलतो. मी अडॅप्टर थोडा ढिला ठेवते आणि टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, झुलायचा थांबेपर्यंत तबकडी सरकवते. नवऱ्याचा संयम इथे संपतो.

तो तबला वाजवतो, गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला साथ त्याचीच. मोटाउन त्याला गोड वाटतं, त्यापलीकडे नाही. जेम्स ब्राउन या फंक गायकाची 'कोल्ड स्वेट' लावली तेव्हा मात्र तो ताटावरून उठून आला. १९६७ ची ही रेकॉर्ड सिनसिनाटीच्या किंग कंपनीची. तिथं ध्वनिमुद्रण, लेबलांची छपाई, तबकड्या दाबणं, पाठवणी सगळं एकाच इमारतीत चालायचं. गाणं सात मिनिटांचं, एका बाजूत मावेना, म्हणून दोन भाग केले. मधेच उठून तबकडी उलटावी लागते. सूर जवळजवळ हलतच नाहीत. ब्रास, गिटार, बेस सगळे ठेक्याची कामं करतात, आणि सगळ्यांचा भार पहिल्या मात्रेवर. ब्राउन बँडकडून तीच मागायचा. नवरा म्हणाला, "हे तर समेवर येतायत सगळे." क्लाइड स्टबलफील्डचा ड्रमचा तुकडा त्यानं मांडीवर वाजवून पाहिला आणि तिसऱ्यांदा सुई मागे न्यायला लावली. (इथले लोक दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर टाळी देतात, आपण पहिलीवर. फंक लागलं की मंडळाच्या पिकनिकला आपली टाळीही बरोबर पडते.) आता सेलला तोही येतो, पण त्याला फक्त किंगची निळी लेबलं दिसतात.

पुण्याहून हल्ली विचारणा येते, अमेरिकेतून जुना टर्नटेबल घेऊन येऊ का? व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण अडचण तेवढीच नाही. जुन्या बेल्टवाल्या यंत्रांच्या मोटरी बऱ्याचदा विजेच्या वारंवारितेवर फिरतात. इथे ६० हर्ट्झ, तिकडे ५०. त्यामुळे ४५ ची तबकडी साडेसदतीस फेऱ्यांनी फिरणार आणि पांढरी चारमधलं गाणं पांढरी दोनला उतरणार. ५० हर्ट्झची पुली मिळत असेल तर ती आधी मागवा. डीसी मोटर किंवा क्वार्ट्झवाला डायरेक्ट ड्राइव्ह असेल तर हा प्रश्न येत नाही. टोनआर्मचं वजन काढून वेगळं गुंडाळा आणि कार्ट्रिज हातातल्या सामानात ठेवा.