तुम्ही विचारलंत म्हणून: ते डोळ्यांतलं पाणी

माझ्या नृत्याचा कार्यक्रम संपला की कुणी ना कुणी गाठून विचारतंच, "ते डोळ्यांतलं पाणी खरं असतं हो?" नातेवाईक त्याच्याही पुढे जातात. "आईच्या दिवसांना तुझ्या डोळ्यांत टिपूस नव्हता. स्टेजवर बरं येतं!" आता एकदाचं लिहूनच टाकते.

ग्लिसरीन नसतं. एवढं तरी माना.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात आठ सात्त्विक भाव आहेत, म्हणजे मनातलं अंगावर उमटतं त्या खुणा. स्तंभ, स्वेद, रोमांच वगैरे, आणि त्यांतच अश्रू. ते म्हणतात, मन एकाग्र झाल्याशिवाय हे येत नाहीत. नटाला स्वतःला दुःख झालेलं असावं, अशी अट त्यांनी घातलेली मला तरी दिसत नाही. नाट्यशास्त्राचा भाष्यकार अभिनवगुप्त तर हजार वर्षांपूर्वी काश्मिरात सांगून गेला की रस चाखायचा तो प्रेक्षकाने. मद्याची चव भांड्याला कळत नाही. म्हणजे मी भांडं. हे उत्तर मी वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडावर फेकत आले. मुलाखतीत शोभूनही दिसतं.

पण नाशिकचा तो कार्यक्रम. आईला जाऊन महिनाही झाला नव्हता. भवभूतीच्या उत्तररामचरित या संस्कृत नाटकातला तिसरा अंक भरतनाट्यमात बसवला होता. पंचवटीत राम मूर्च्छित पडतो, आणि तमसा या नदीदेवतेखेरीज कुणालाच न दिसणारी सीता त्याला स्पर्शाने शुद्धीवर आणते. ठरलेलं असं होतं: पताक हस्त, म्हणजे बोटं जुळवून सरळ ठेवलेला हात, तळवा खाली, कपाळावरून हलकेच. त्या दिवशी हात उलटा झाला. बोटांची मागची बाजू कपाळाला लागली. आई ताप असाच बघायची. धुण्याभांड्यांनी तळवे खरखरीत झालेले, म्हणून उलट्या हाताने. पाणी आलं, काजळ घेऊन ओघळलं. मिश्रचापू तालाच्या सात मात्रा मात्र मी आत मोजत होते. ते मोजणं मला लख्ख आठवतं. दुःख आठवत नाही.

विंगेत काकू म्हणाल्या, "घरी नाही जमलं, इथे जमलं हो!" मी त्यांना तिथल्या तिथे भरतमुनी ऐकवला.

पुढचं सांगायला जड जातं. तो उलटा हात मी तसाच ठेवला. विद्यार्थिनींनाही शिकवला, मनगट कितपत वळवायचं ते दाखवून. आता प्रयोगात हात उलटा होतो, पाणी येतं, आणि आई आठवतेच असं नाही. तेव्हाची मी म्हणेल, झालं की मग सिद्ध, तू भांडंच. मी तिला विचारते, मग हात कुठून आला? ती म्हणते, हात म्हणजे अनुभाव, भाव बाहेर दाखवणारी खूण. कुठून का येईना, समोरच्यापर्यंत पोचला की झालं. मला ते खोडून काढता येत नाही, आणि पटतही नाही. घरी का रडले नाही, याचं उत्तर तर आम्हा दोघींकडेही नाही, आणि ते काकूंना देणं लागतो असंही मला वाटत नाही.

राहिला माझा भाऊ. अभिनवगुप्ताने रसास्वादातली सात विघ्नं सांगितली आहेत; आपल्याच सुखदुःखात बुडून जाणं हे त्यांतलं एक. सीता हात पुढे करते तेव्हा भाऊ उठून बाहेर जातो, दर वेळी. शास्त्राने बघायचं तर तो कच्चा प्रेक्षक. त्याचं तिकीट मी दाराजवळचंच काढते.