अजूनही 'क्रिकेट ०७'च काऊन?

दुकानातल्या पीसीवर अजूनही 'क्रिकेट ०७' हा जुना कॉम्प्युटर गेमच काऊन, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कॉम्प्युटर दुरुस्तीला घेऊन येणारे पोट्टेही हेच विचारतात, "काऊन भाऊ, इतके नवे गेम आले, तुमच्या दुकानात अजून तेच?"

ईए स्पोर्ट्सचा हा गेम नोव्हेंबर २००६ मध्ये आला. बनवला कॅनडातल्या एचबी स्टुडिओजनं, कॉमेंट्री रिची बेनॉ आणि मार्क निकोलस यांची. त्यानंतर ईएनं ही मालिका पुढं नेलीच नाही, आणि माझ्या मते तो टिकला तो त्यामुळंच. पुढचा भाग येत नाही म्हटल्यावर खेळणाऱ्यांनीच तो हाती घेतला. परवाना नसल्यानं आपल्या खेळाडूंची नावं त्यात वेडीवाकडी होती. ती आधी दुरुस्त झाली. मग जर्सी, चेहरे, मैदानं. आयपीएल सुरू झाली २००८ ला, तरी तिचे संघ यात आहेत. खापरखेड्याजवळच्या वलनीचा उमेश यादव भारताकडून पहिल्यांदा खेळला २०१० मध्ये. आमच्या पीसीवर नवा चेंडू त्याच्याच हातात असतो! विदर्भानं २०१७-१८ ची रणजी जिंकली, तेव्हा भाच्यानं एका संघातली सगळी नावं काढून फैज फजल, वसीम जाफर आणि इंदूरच्या फायनलमध्ये हॅट्ट्रिक घेणारा रजनीश गुरबानी यांना बसवलं. कोणती कंपनी आपल्यासाठी एवढं करेल?

नव्या गेममध्ये चेंडू जास्त खरा वाटतो, हे मान्य. 'डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४' मी आवडीनं खेळलो. 'क्रिकेट ०७' मध्ये एकदा टायमिंग सापडलं की धावा फार स्वस्त होतात. पण तो जुन्या पीसीवर चालतो, नेट मागत नाही, आणि गेलेली लाईन, म्हणजे वीज, आली की लगेच सामना सुरू. एकाच कीबोर्डवर दोघं खेळतात, बाकीचे मागून ओरडतात, "मार ना बे!" ऑनलाइन खेळात ही मजा मला कधीच आली नाही.

सध्या विदर्भाच्या २०२४-२५ च्या रणजीविजेत्या संघाची नावं टाकणं चालू आहे. हर्ष दुबेनं त्या मोसमात ६९ बळी घेतले, रणजीच्या एका मोसमातला विक्रम. त्याच्या डावखुऱ्या फिरकीला गेममध्ये किती गुण द्यायचे, यावर दुकानात रोज वाद होतो. मी पूर्ण द्या म्हणतो.