हृदयाच्या एमआरआयकडून काय अपेक्षा ठेवावी?

हृदयाचा एमआरआय केला की कोणत्या रोहिणीत किती टक्के ब्लॉकेज आहे ते कळेल, या अपेक्षेने रिपोर्ट उघडणाऱ्याची बहुधा निराशा होते. हृदयरोहिण्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर व्यासाच्या असतात, ठोक्याबरोबर आणि श्वासाबरोबर सतत हलतात, आणि त्यांचे बारकाईने चित्र घेण्यात सीटी अँजिओग्राफी आजही सरस आहे. एमआरआयचा खरा उपयोग, माझ्या मते, त्या रोहिणीवर पोसल्या जाणाऱ्या स्नायूची अवस्था जाणून घेण्यात आहे.

त्यासाठी शिरेतून अ‍ॅडेनोसिन हे रक्तवाहिन्या रुंदावणारे औषध देतात. निरोगी भागातला रक्तप्रवाह त्याने कित्येक पटींनी वाढतो; अरुंद रोहिणीपलीकडच्या सूक्ष्म वाहिन्या मात्र आधीच पूर्ण रुंदावलेल्या असल्यामुळे तिथे वाढीला वाव उरत नाही. त्याच वेळी शिरेतून सोडलेले गॅडोलिनियम हे चित्रात उजळ दिसणारे द्रव्य पडद्यावर आधी उजव्या कप्प्यात, मग डाव्यात आणि शेवटी स्नायूत उजळत जाते, आणि जिथे रक्त कमी पडते तिथे भिंतीच्या आतल्या कडेला एक काळी कोर काही ठोके तशीच राहते. अ‍ॅडेनोसिनने छातीवर दडपण येते, पण औषध थांबवताच ते लवकर ओसरते. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद ठेवण्याची सूचना मात्र हसण्यावारी नेऊ नये, कारण कॅफीन अ‍ॅडेनोसिनचा परिणामच रोखते आणि आजारी हृदयही निरोगी भासू शकते.

गॅडोलिनियम दिल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी घेतलेल्या चित्रांत मृत स्नायू पांढरा दिसतो. हा व्रण भिंतीच्या पाऊण जाडीपलीकडे गेला असेल, तर अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर तो भाग पुन्हा आकुंचन पावू लागण्याची आशा फार थोडी असते. शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना याहून मोलाची माहिती क्वचितच मिळते.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एमआर-इन्फॉर्म या ९१८ रुग्णांच्या चाचणीत, एमआरआयच्या आधारे उपचार ठरवलेल्यांपैकी ३५.७ टक्क्यांना, तर अँजिओग्राफी करून रोहिणीतला दाब मोजलेल्या गटात ४५ टक्क्यांना अँजिओप्लास्टी किंवा बायपास करावे लागले, आणि तरीही वर्षभरातले परिणाम एमआरआय गटात कमी प्रतीचे ठरले नाहीत. एवढे असूनही ही तपासणी सरसकट सर्वांना सुचवणे मला पटत नाही. ठोके फार अनियमित असतील तर चित्रे बिघडतात, आणि मूत्रपिंडे बरीच निकामी झालेली असल्यास गॅडोलिनियम देण्याआधी डॉक्टरांना दोनदा विचार करावा लागतो.