काठ राहिलाय

"मुलगा की मुलगी?" दुकानदाराने विचारलं.

"अजून व्हायचंय."

त्याने पुढे काही न विचारता फळीवरून लोकरीचे तीन गुंडे काढून काउंटरवर ठेवले. फिकट पिवळा, पिस्ता आणि मोतिया. लक्ष्मी रोडच्या आतली गल्ली, दुपारचे तीन, दुकान उघडं आणि दुकानदार मोजकं बोलणारा. पुण्यात एवढं सुख एकदम वाट्याला आलं की माणूस जरा सावधच होतो. मी पिस्ता उचलला आणि पैसे देऊन निघाले.

आमच्याकडची निम्मी बाळं या तीन रंगांत गुंडाळली गेली आहेत. पोटातलं बाळ काय आहे ते आपण विचारायचं नाही आणि डॉक्टरांनी सांगायचं नाही. महाराष्ट्राने त्याचा कायदा १९८८ सालीच केला, देशाचा १९९४ साली आला. तो का करावा लागला ते सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. पण त्याचं एक टोक लोकरीच्या दुकानात निघतं, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसेल. तसं त्याआधीही कुणाला कळत होतं थोडंच! पोटाचा आकार बघून 'मुलगाच बघ' म्हणणाऱ्या आज्या घरोघर होत्या, पण त्यांच्या भरवशावर निळी लोकर घ्यायची हिंमत कुणी केलेली मला माहीत नाही.

माझी भाची सिएटलला असते. तिथे पाचव्या महिन्यातच सांगून मोकळे होतात. तिचा फोन आला, "मावशी, मुलगी आहे. पण प्लीज, गुलाबी नको हं. ग्रे कर ना."

ग्रे. बाळाला राखाडी. जन्माला आल्या आल्या वानप्रस्थ. मी म्हटलं, अगं, निदान अबोली? तर म्हणाली, मग ब्लॅक अँड व्हाइट चालेल, लहान बाळांना तेच आधी नीट दिसतं म्हणे. यावर मला बोलता येईना, कारण पहिल्या संक्रांतीला आपणच बाळाला काळं झबलं घालून, हलव्याचे दागिने चढवून, बोरन्हाण करतो. एरवी काळं वर्ज्य आणि त्या दिवशी कौतुकाचं. तेव्हा गप्प बसले आणि क्रोशाने, म्हणजे आकड्याच्या एका सुईने, राखाडी दुपटं विणलं. कडेने एक ओळ गुलाबी टाकली. ती तिने फोटोत नेमकी दुमडून ठेवली होती.

पुढे आणखी एक झालं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की वर्षाच्या आतल्या बाळाच्या पाळण्यात सुटं पांघरूण अजिबात नको. उशी नको, मऊ खेळणं नको, काही नको. झोपेत तोंडावर आलं तर बाळाला बाजूला करता येत नाही. पटण्यासारखंच आहे. म्हणजे माझं दुपटं बाबागाडीत, मांडीवर, आणि कुणीतरी बघत असेल तोवरच. मला वाटलं होतं वाईट वाटेल, पण आठवली ती आई. ती म्हणायची, "बाळाच्या दुपट्याला जाळी नको गं, बोटं अडकतात." टेबलावरच्या रुमालाला हवी तेवढी जाळी, कमानी, पाकळ्या. बाळाचं आलं की नुसते मुके खांब, म्हणजे क्रोशाचे साधे आखूड टाके, घट्ट, ओळीमागून ओळ, विणणारीला कंटाळा येईल इतके. बाळंतिणीची शेकशेगडी पेटलेली असली तर ते दुपटं खोलीबाहेरच. शेगडीवर ओवा-शेपाची धुरी चालू असायची, आणि दुकानात 'लोकर' म्हणून मिळते ती बहुतेक अॅक्रिलिक. खरी लोकर ठिणगीने करपते. ही वितळून कातडीला चिकटते. सिएटलचे डॉक्टर आणि आई यांचं जमलं असतं.

आई सोलापूरची. तुम्ही म्हणाल, सोलापुरात लोकर? बरोबर आहे. एप्रिलमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे, माळवदावर पाणी मारून झोपायचं, आणि ही बाई लोकर विणतेय. शिवाय गाव चादरींचं. पूर्व भागातून गेलं की घराघरांतून मागांची खटखट, दाराशी सुताच्या लडी वाळत टाकलेल्या. जिथे चादर बैलगाडीने मोजावी अशा गावात आई ३६ इंचांचं एक पांघरूण महिना-दीड महिना करत बसायची. शेजारणी विचारत, विकत का नाही आणत? आई उत्तर द्यायची नाही, कारण ती मोजत असायची. पाहुणे आले तरी मोजणं थांबत नसे. "एकतीस, बत्तीस, बसा ना, तेहेतीस, चहा टाक गं, चौतीस." मध्ये कुणी वय किंवा पगार सांगितला की संपलं. ओळ पहिल्यापासून.

तिला उत्तर देता आलं असतं खरं तर. चादर मागावर होते, स्वेटर यंत्रावर होतो. मोजे विणायचं यंत्र तर इंग्लंडात १५८९ साली निघालं होतं. क्रोशाचं मात्र कारखान्यात अजून जमलेलं नाही. 'क्रोशे मशीन' नावाचं यंत्र असतं, त्यातून क्रोशासारखं काहीतरी निघतं, पण खरा क्रोशा सुईवरच, बोटांनीच. म्हणजे मॉलमध्ये हँगरला लटकलेला, सेलमधला, हजाराच्या आतला क्रोशाचा टॉप हाही कुणीतरी टाका टाका मोजत विणलेला असतो. त्या बाईला त्यातले किती मिळाले, हा हिशोब मी दुकानात उभी राहून करते आणि मग टॉप परत अडकवते. मी न घेतल्याने तिचं काय भलं होतं कोण जाणे. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं पीक गेलं, दुष्काळ पडला, तेव्हा कितीतरी घरं बायकांनी क्रोशाची लेस विकून तगवली. आपल्याकडे आंध्रात नरसापूरच्या बायका मिशनऱ्यांच्या काळापासून तेच करत आल्या आहेत. आणि आम्ही इकडे दुपारी पंखा लावून, हौस म्हणून.

हौसेला अर्थात मोल नसतं. २०१६ साली चेन्नईत बायकांनी आपापले चौकोन जोडून क्रोशाचं एक पांघरूण केलं, ११,१४८.५ चौरस मीटरचं, गिनीज बुकात गेलं. पावणेतीन एकर! आमच्या आजोबांची शेती तेवढी नव्हती.

बरं, एवढं विणून त्याचं होतं काय? बारशाला आपण देतो. सगळ्या बायका हात फिरवतात, उलटं करून मागची बाजू बघतात (मागची बाजू बघणारी स्वतः विणणारी असते, हे ओळखून ठेवा), "किती दिवस लागले?" विचारतात. मग बाळाची आजी ते जुन्या मलमलच्या कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवते, डांबराच्या गोळ्यांसकट. खराब होईल म्हणून. अहो, खराब व्हायलाच दिलंय! त्याच्यावर शी-शू होऊ दे, वरणभात सांडू दे, यंत्रात धुवा, काही होत नाही त्या अॅक्रिलिकला. पण नाही. चुलतबहिणीच्या मुलाचं दुपटं परवा त्याच्या लग्नाच्या आवराआवरीत निघालं, घड्या न मोडलेलं. तिने कौतुकाने फोटो पाठवला. मी हसरा चेहरा पाठवला आणि दुपारभर धुमसत राहिले. त्यापेक्षा ज्या घरात दुपट्याचं टेबलपुसणं झालेलं दिसतं, त्या घरी मी चहाला थांबते.

आणि सांगूनच टाकते, मला बाळापेक्षा दुपट्यात जास्त रस आहे. बाळ आलं की ते रडतं, त्याला नाव मिळतं, ते कुणाच्या तरी नाकावर जातं. त्याआधी चार महिने ते फक्त माझ्या मांडीवर वाढत असतं, तळव्याएवढं, मग ताटाएवढं, मग गुडघे झाकण्याएवढं. तेव्हा त्याला कुणी बघायला येत नाही. उघडपणे बोलायचंही नसतं. आमच्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही करत नाहीत. पहिले कपडे दुसऱ्या बाळाचे, जुने, मऊ. पण बाराव्या दिवशी द्यायचं दुपटं जन्मानंतर सुरू केलं तर बारशाला हातात एक पट्टी घेऊन जावं लागेल. म्हणून चोरून विणायचं. "कुणासाठी गं?" "असंच, हाताला चाळा." विचारणारीला माहीत असतं, सांगणारीलाही माहीत असतं. आणि नववा महिना लागला, सगळं विणून झालं, तरी "झालं का?" म्हटल्यावर आईचं एकच उत्तर असे: "काठ राहिलाय." शेवटच्या टाक्याचा फेरा हातभर लांब ओढून त्यात सेफ्टीपिन अडकवून ठेवलेली. दवाखान्यातून फोन आला, सगळं सुखरूप आहे म्हटल्यावर पिन काढायची आणि एका रात्रीत काठ पुरा.

हा मी बरीच वर्षं शकुन-अपशकुनाचा भाग धरून चालले होते. मी असलं काही मानत नाही. काठ मात्र ठेवते.

लहानपणी लोकरीची लडी धरायचं काम माझ्याकडे असे. समोरासमोर बसायचं, दोन्ही हात पुढे ताठ, लडी मनगटांवर. आई टोक ओढून गुंडा करणार, आणि आपण धागा सुटेल तसा एकदा डावा हात खाली, एकदा उजवा. बरोबर त्याच वेळी नाक खाजतं. आई गुंडा सैल गुंडाळायची, मध्ये स्वतःची दोन बोटं घालून, ताणला तर लोकरीचा जीव जातो म्हणायची. सात-आठ वर्षांची असेन. एका दुपारी तिने मला असंच बसवलं, आणि हातावर घातलेली लोकर कुरळी होती. नवी लोकर सरळ असते. ही गरम पाण्यातून काढून, खाली वजन टांगून वाळवलेली होती, तरी टाक्यांचे वळसे गेले नव्हते. रंग फिकट पिवळा. तो मी दोन महिने रोज बघत होते.

"हे काकूच्या बाळाचं ना?"

"हात सरळ धर," आई म्हणाली.

काकू माहेरी गेली होती, ती दिवाळीनंतर आली. एकटीच आली. घरात त्यावर कुणी बोललं नाही, निदान आमच्यासमोर. ती लोकर आईने दुसऱ्या कुठल्या बाळाला वापरली नाही. तिने दोन सुया काढल्या आणि बाबांसाठी बिनबाह्यांचा स्वेटर घातला. बाबांना पिवळा रंग मुळीच आवडायचा नाही आणि सोलापुरात स्वेटर लागतो तरी किती दिवस! पण तो घालून ते कितीतरी थंड्या बँकेत गेले.

क्रोशा उसवणं सोपं असतं. सुईवर एकच फेरा असतो, पिन काढून टोक ओढलं की सगळं सरसर सुटत जातं, शेवटच्या ओळीपासून पहिल्या साखळीपर्यंत. पण एकदा काठ पुरा करून गाठ मारली आणि टोक आत ओवून टाकलं, की ते टोक पुन्हा सापडत नाही. मग कात्री लावावी लागते.